हवेतलं नत्र बांधणारं विकर, नायट्रोजनेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरीप जवळ आला की नागपूर जिल्ह्यातून प्रश्न येतात ते कल्चरच्या, म्हणजे बियाण्याला लावायच्या जिवाणू-खताच्या पुडीचे, आणि परीक्षा जवळ आली की समीकरणाचे. दोन्हींच्या मुळाशी एकच विकर (एन्झाइम) आहे, नायट्रोजनेज. त्यामुळे कास्तकारांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रश्न इथे एकत्रच ठेवले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नायट्रोजनेज म्हणजे जिवाणू का?

नाही. जिवाणू सजीव आहे. नायट्रोजनेज हे त्याच्या पेशीत तयार होणारे प्रथिन, म्हणजे विकर. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. झाडे, जनावरे, बुरशी यांपैकी कोणाकडेही हे काम करणारे विकर नाही. ते फक्त काही जिवाणूंकडे आणि काही आर्कियांकडे (जिवाणूंसारखेच एकपेशीय सूक्ष्मजीव) आहे. खत कारखान्यात हेच काम हेबर-बॉश पद्धतीने होते: लोखंडाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० °से तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब. नायट्रोजनेज ते वावरातल्या मातीच्या तापमानाला करते. फुकट मात्र करत नाही (प्र. ३).

२. या विकराचे भाग कोणते? आकृतीत दोन प्रथिनं दाखवतात, ती वेगवेगळी विकरं आहेत का?

विकर एकच, पण दोन प्रथिने जोडीने काम करतात. एकट्याने कोणाचेच भागत नाही.

लहान ते लोह-प्रथिन. त्यात दोन सारख्या साखळ्या असतात आणि त्यांच्या मधोमध ४ लोह व ४ गंधक अणूंचा पुंजका. एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू, इथे बसते. मोठे ते मॉलिब्डेनम-लोह-प्रथिन, चार साखळ्यांचे. त्यात दोन प्रकारचे पुंजके आहेत. पहिला पी-पुंजका, ८ लोह आणि ७ गंधकाचा. तो इलेक्ट्रॉन पुढे ढकलतो. दुसरा लोह-मॉलिब्डेनम सहघटक, जिथे नत्राचा रेणू प्रत्यक्ष फुटतो: ७ लोह, ९ गंधक, १ मॉलिब्डेनम, मधोमध एक कार्बन अणू, आणि बाजूला चिकटलेले होमोसायट्रेट.

लहान प्रथिन एका वेळी एकच इलेक्ट्रॉन देते, सुटे होते, पुन्हा भारित होऊन परत येते. एका नत्र रेणूसाठी ही फेरी आठ वेळा होते. या प्रथिनांची त्रिमित रचना १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात डग्लस रीस यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. मधला अणू कार्बनचा आहे हे नक्की व्हायला २०११ उजाडले. जुन्या पुस्तकातल्या आकृतीत मधली जागा रिकामी दिसते ती त्यामुळे. लहान प्रथिनाचे जनुक निफ-एच. मोठ्याची दोन, निफ-डी आणि निफ-के.

३. एका पुस्तकात ६ इलेक्ट्रॉन आहेत, दुसऱ्यात ८. पेपरात काय लिहायचं?

८ लिहा. नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू व्हायला ६ इलेक्ट्रॉन पुरतात, हे खरे. पण प्रत्येक नत्र रेणूमागे विकर हायड्रोजनचा एक रेणूही सोडते आणि त्यात २ इलेक्ट्रॉन जातात. इलेक्ट्रॉनमागे २ एटीपी, म्हणून एकूण १६. समीकरण शब्दांत असे: १ नत्र रेणू, ८ प्रोटॉन, ८ इलेक्ट्रॉन आणि १६ एटीपी यांपासून २ अमोनिया, १ हायड्रोजन रेणू, १६ एडीपी आणि १६ फॉस्फेट.

हा १६ चा आकडा उत्तम परिस्थितीतला आहे. जिवंत पेशीत प्रत्यक्ष खर्च २० ते ३० एटीपीपर्यंत जातो. डाळवर्गी पिकांच्या मुळांवर गाठी करणारा जिवाणू म्हणजे रायझोबियम; त्याच्या काही जातींकडे निसटलेला हायड्रोजन परत पकडणारे वेगळे विकर असते, त्यांची थोडी बचत होते. वेग विचाराल तर नायट्रोजनेज संथ आहे: सेकंदाला नत्राचे एक-दोन रेणू. म्हणून जिवाणूला ते भरपूर प्रमाणात बनवून ठेवावे लागते.

झाडाच्या बाजूने हिशेब केला तर गाठीत १ ग्रॅम नत्र बांधायला पानांनी बनवलेल्या साखरेतला साधारण ६ ग्रॅम कार्बन खर्ची पडतो. पानावर अळी पडली, दाटीमुळे सावली झाली, तणाने पीक दाबले की गाठींचे रेशन सगळ्यात आधी कापले जाते.

४. प्राणवायूने हे विकर नासतं म्हणतात. मग हवेत जगणाऱ्या जिवाणूंचं कसं चालतं?

नासते, आणि पुन्हा दुरुस्त होत नाही. वेगळे काढलेले लोह-प्रथिन हवेत ठेवले तर निम्मी क्रियाशीलता मिनिटाच्या आत जाते; मोठे प्रथिन दहाएक मिनिटे तग धरते. लोह-गंधकाचे पुंजकेच प्राणवायूने मोडतात. पेच असा की १६ एटीपी कमवायचे तर श्वसन हवे आणि श्वसनाला प्राणवायू हवा. यातून जिवाणूंनी वेगवेगळ्या वाटा काढल्या आहेत.

क्लॉस्ट्रिडियम प्राणवायू नसलेल्या जागीच राहते. पेशीबाहेर काढलेल्या अर्कात नत्र बांधून दाखवणे १९६० मध्ये पहिल्यांदा खात्रीने जमले ते याच कुळातल्या जिवाणूच्या अर्कात. ॲझोटोबॅक्टर उलटे करते: इतके जोरात श्वसन करते की पेशीत शिरलेला प्राणवायू विकरापर्यंत पोचायच्या आत संपतो. त्यात साखर बेसुमार जळते, आणि त्याचा परिणाम प्र. १६ मध्ये दिसेल. नील-हरित शेवाळांच्या (नाव शेवाळ, पण हे जिवाणूच) माळेत काही पेशी जाड भिंतीच्या होतात आणि प्राणवायू सोडणारे प्रकाशसंश्लेषण बंद करतात. विकर तेवढ्याच पेशींत असते. रायझोबियमची सोय झाड करून देते (प्र. ५).

५. सोयाबीनची गाठ कापली तर आत लाल का दिसते? कीड तर नाही?

कीड नाही, ते उत्तम लक्षण आहे. लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचेच हे प्रथिन, पण बनवते झाड. ते प्राणवायूला धरून ठेवते आणि जिवाणूच्या श्वसनाला लागेल तेवढाच हातोहात पोचवते. हवेशी संपर्कात असलेल्या पाण्यात लिटरला साधारण २५० मायक्रोमोल प्राणवायू विरघळलेला असतो. गाठीच्या आत मोकळा प्राणवायू काही दहा नॅनोमोल, म्हणजे हजारो पट कमी.

रंग असा वाचा. लाल किंवा गुलाबी: काम चालू. पांढरी आणि बारीक: अजून कोवळी, पण ४० दिवसांनंतरही पांढरीच असेल तर निकामी जातीच्या जिवाणूची. हिरवट: लेगहिमोग्लोबिन मोडू लागले, गाठ म्हातारी झाली. तपकिरी आणि पोकळ: संपली. शेंगा भरताना हिरव्या-तपकिरी गाठी दिसणे नैसर्गिक आहे, कारण झाडाची साखर तेव्हा दाण्याकडे वळलेली असते. फुलावर असतानाच तसे दिसले तर प्र. १२ आणि १४ पाहा.

६. गाठी तपासायच्या कधी आणि कशा? झाड उपटलं तर एखादीच गाठ दिसते.

उपटू नका. आपल्या काळ्या मातीत उपटले की गाठी मातीतच राहतात आणि कल्चर बोगस होते असा गैरसमज होतो.

सोयाबीनसाठी पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवस ही योग्य वेळ. झाडाभोवती १५ सेंमी अंतर सोडून कुदळीने तेवढाच खोल गोळा काढा, बादलीत अर्धा-पाऊण तास भिजू द्या आणि पाण्यातच हलवून माती सुटू द्या. नळाच्या धारेखाली धरू नका. बांधाकडेची झाडे टाळून वावरात चार-पाच वेगळ्या ठिकाणची झाडे घ्या.

संख्येपेक्षा जागा आणि रंग महत्त्वाचा. मुख्य मुळावर, वरच्या ५ ते ७ सेंमीत जाड गाठींचा झुपका असेल तर बियाण्याला लावलेले कल्चर लागू पडले. बाजूच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या गाठी बहुधा मातीत आधीपासून असलेल्या जिवाणूंच्या. झाडामागे दहा-पंधरा टपोऱ्या, आतून लाल गाठी असल्या तर काळजी करू नका. प्रत्येक झाडाच्या चार-पाच गाठी नखाने फोडून बघा, एवढे मात्र करा.

७. मुळावरच्या गाठी सूत्रकृमीच्या आहेत की कामाच्या, कसं ओळखायचं?

बोटाने हलकेच चोळा. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि टपकन सुटून येते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले. ती सुटत नाही, मूळच तुटते, आणि आत लाल रंग नसतो. वांगी, टोमॅटो, भेंडीच्या मुळांवर दिसणाऱ्या गाठी जवळजवळ नेहमी सूत्रकृमीच्याच.

८. एकच कल्चर सगळ्या डाळींना चालतं का?

नाही. मूळ आणि जिवाणू रासायनिक खुणांनी एकमेकांना ओळखतात, खूण जुळली नाही तर गाठ होत नाही. सोयाबीनचे वेगळे, हरभऱ्याचे वेगळे. तूर, मूग, उडीद, भुईमूग, बरबटी आणि ताग हा एक गट. वाटाणा, मसूर आणि लाखोळी दुसरा. लसूणघास आणि मेथी तिसरा, बरसीमचे पुन्हा निराळे. पाकिटावर पिकाचे नाव छापलेले असते ते याचसाठी. नुसते ‘रायझोबियम’ लिहिलेली पुडी दुकानदार ‘सगळ्याला चालते’ म्हणून देत असेल तर घेऊ नका.

९. बीजप्रक्रिया करताना आधी काय लावायचं, बुरशीनाशक की कल्चर?

बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी. रासायनिक औषधे शक्यतो आदल्या दिवशी लावून बी सुकवून घ्या. ट्रायकोडर्मा वापरत असाल तर ते कल्चरसोबत चालते.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅमची एक पुडी, म्हणजे किलोमागे २५ ग्रॅम. पाव लिटर पाण्यात ४०-५० ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. गरम पाण्यात कल्चर टाकले की जिवाणू तिथेच मेले. थंड पाण्यात पुडी कालवून पातळ पेस्ट करा. बी ताडपत्रीवर सावलीत पसरा, पेस्ट शिंपडा आणि ताडपत्रीची टोके उचलून बी लोळवा. सोयाबीनचे साल नाजूक असते, हातांनी चोळले की सुटते आणि उगवण पडते. पाणी जास्त झाले तरी साल सुरकुतते. अर्धा तास सावलीत सुकवून त्याच दिवशी, शक्य तर काही तासांतच, पेरा. पातळ कल्चर असेल तर बाटलीवरचे प्रमाण पाळा.

बिघाड बहुतेक वेळा पुढे होतो. लावलेले बी ट्रॅक्टरवर उन्हात तासभर राहते, किंवा पेरणीयंत्रात डीएपी खताच्या दाण्यांत मिसळते. खताच्या क्षारात जिवाणू टिकत नाही. खत वेगळ्या पेटीतून, बियाण्याच्या खाली पडू द्या. कोरड्यात पेरणेही तितकेच वाईट. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय घाई नको.

बियाण्याला कंपनीनेच औषध लावलेले असेल तर कल्चर जमिनीतून द्या: एकरी २ किलो, ५० किलो ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळीत.

१०. पुडीतला जिवाणू जिवंत आहे हे दुकानात कसं कळेल?

डोळ्यांनी कळत नाही, पण मेल्याची शक्यता ओळखता येते. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीतल्या रायझोबियममध्ये ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि पातळ कल्चरमध्ये मिलीमागे किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. पाकिटावर पीक, उत्पादनाची तारीख, वापरायची मुदत आणि गट (बॅच) क्रमांक बघा. भुकटी कोरडी ठणठणीत आणि धुळीसारखी उडत असेल तर सोडून द्या. तिच्यात ३० ते ४० टक्के ओल असायला हवी.

खरी अडचण नागपूरच्या मे महिन्याची आहे. बाहेर ४५ °से असताना पत्र्याखालच्या गोदामात महिनाभर पडलेली पुडी मुदतीत असूनही मेलेली असू शकते. पेरणीच्या आठवड्यातच आणा. आणलीच आधी तर माठाजवळ, सावलीत ठेवा. फ्रीजचा बर्फाचा कप्पा नको. संशय असेल तर कृषी विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करून त्याच गटाचा नमुना तपासायला पाठवता येतो.

११. दहा वर्षांपासून त्याच वावरात सोयाबीन आहे. तरी दरवर्षी कल्चर लागतं का?

सोयाबीनचा जिवाणू एकदा वावरात रुळला की पुष्कळ वर्षे टिकतो. गेल्या हंगामात प्र. ६ प्रमाणे चांगल्या गाठी दिसल्या असतील तर नव्या कल्चरने उत्पन्न उडी मारेल अशी आशा धरू नका. तरी आमचे मत लावा असेच आहे, कारण पुडीचा खर्च एकरी बियाण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे, आणि उन्हाळ्यात तापलेल्या वरच्या थरात जिवाणूंची संख्या घटते. धानाच्या बांधीत, नव्याने तोडलेल्या पडीत किंवा चार-पाच वर्षे सोयाबीन नसलेल्या वावरात मात्र कल्चर टाळूच नका.

१२. युरिया टाकल्यावर गाठी का कमी होतात? सोयाबीनला युरिया द्यायचाच नाही का?

तयार नत्र मातीत मिळत असेल तर झाड गाठींना साखर पुरवत नाही. महागडे काम कोण करेल? नायट्रेट वाढले की नव्या गाठी बनणे थांबते, आणि जुन्या गाठींत प्राणवायू जायची वाट आवळली जाते, म्हणून एटीपी कमी पडते. मोकळ्या जगणाऱ्या जिवाणूंत तर अमोनिया साचला की निफ जनुकेच बंद होतात. ॲझोस्पिरिलम आणखी चलाख आहे: ते तयार लोह-प्रथिनावर एक रासायनिक टोपी चढवून विकर मिनिटांत थांबवते आणि अमोनिया संपला की टोपी काढते.

सुरुवातीला थोडे नत्र हवेच, कारण गाठी काम करू लागायला तीन आठवडे लागतात आणि तोवर रोप बियाण्यातल्या साठ्यावर असते. हेक्टरी ३० किलो नत्र आणि ७५ किलो स्फुरद धरले तर हिशेब सोपा आहे. स्फुरद डीएपीतून दिले तर १६३ किलो डीएपी लागते आणि त्यातूनच २९ किलो नत्र येते. वर युरियाची गरजच नाही. स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिले तर ४७० किलो सुपर फॉस्फेट आणि वेगळा ६५ किलो युरिया. फुलाच्या आधी ‘हिरवेपणासाठी’ टाकलेला युरिया गाठींच्या ऐन कामाच्या दिवसांत पडतो. सगळ्यात जास्त नुकसान त्याचे.

१३. मॉलिब्डेनम टाकल्यानं गाठी वाढतात का? कोबाल्ट पण लागतं म्हणे.

विकरात मॉलिब्डेनम असते हे बरोबर, पण मातीत ते कमी आहे असा त्याचा अर्थ नाही. पीएच वाढला की मॉलिब्डेनम झाडाला जास्त मिळते. नागपूर, वर्धा, अमरावतीकडच्या काळ्या जमिनी ७.५ ते ८.५ पीएचच्या, तिथे कमतरता क्वचितच. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या आम्लधर्मी जमिनीत हरभऱ्याला त्याचा उपयोग होऊ शकतो: किलोभर बियाण्याला १ ग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट, कल्चरच्या आधी लावून सुकवलेले. ‘अजून थोडे’ नको. चाऱ्यात मॉलिब्डेनम जास्त झाले की जनावरात तांब्याची कमतरता होते. कोबाल्ट जिवाणूला बी-१२ साठी लागते, पण अत्यल्प. वेगळे विकत घेऊ नका.

काळ्या जमिनीत खरा तुटवडा स्फुरद आणि गंधकाचा. एटीपीमधला फॉस्फेट स्फुरदातून येतो आणि विकराचे पुंजके गंधकावाचून बनत नाहीत. वर्षानुवर्षे फक्त डीएपी वापरलेल्या वावरात सुपर फॉस्फेटने फरक दिसतो तो त्यातल्या ११ टक्के गंधकामुळे.

१४. आठ दिवस झड लागली आणि सोयाबीन पिवळं पडलं. युरिया टाकू का?

आधी पिवळे कुठले पान ते बघा. खालची जुनी पाने सारखी पिवळी असतील तर नत्र तुटले. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या, चिबड जमिनीत हे नेहमीचे.

नत्र तुटते कारण मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की गाठीपर्यंत प्राणवायू पोचत नाही. प्र. ४ वाचून वाटेल की विकराला हे बरेच, पण श्वसन थांबले की एटीपी नाही आणि विकर बसून राहते. दोन-तीन दिवसांची कोंडी गाठी सोसतात. त्याहून लांबली तर सडतात आणि नव्या गाठी धरायला साधारण दोन आठवडे जातात.

आधी पाणी काढा. वाफसा आला की डवरणी करा, माती मोकळी होऊ द्या. मधल्या काळासाठी पानांवरून २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, फवारा. जमिनीत टाकू नका. लोहाची कमतरता असेल तर १० लिटरला ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. पुढच्या वर्षी रुंद वरंबा-सरीवर पेरलेत तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

१५. सोयाबीन काढल्यावर जमिनीत किती नत्र उरतं? गव्हाचा युरिया कमी करता येईल का?

ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. १० क्विंटल दाणा पिकवायला सोयाबीन साधारण ८० किलो नत्र उचलते. त्यातले निम्मे ते ६० टक्के हवेतून, म्हणजे ४०-४८ किलो, बाकी मातीतून. त्या १० क्विंटल दाण्यात सुमारे ६० किलो नत्र वावराबाहेर बाजारात जाते. म्हणजे हवेतून आले त्याहून जास्त गेले. कुटार जाळले किंवा विकले तर तूट आणखी वाढते.

तरी सोयाबीननंतर हरभरा-गहू बरा येतो. त्याचे कारण असे की सोयाबीनची गळलेली पाने लवकर कुजतात, ज्वारीच्या धसकटासारखी मातीतले नत्र अडवून ठेवत नाहीत. मातीत खरीखुरी भर हवी असेल तर ताग किंवा ढैंचा फुलावर येण्याआधी, दीड महिन्याचा असताना गाडा. त्यात दाणा बाहेर जात नाही.

१६. पऱ्हाटीला (कपाशीला), संत्र्याला ॲझोटोबॅक्टर लावलं तर युरिया निम्मा करता येतो का?

नाही. ॲझोटोबॅक्टर मोकळे जगते, त्याला झाड साखर देत नाही, आणि प्राणवायू जाळण्यातच त्याची बरीच साखर संपते. १ ग्रॅम साखरेवर ते साधारण १० मिलिग्रॅम नत्र बांधते. म्हणजे १० किलो नत्रासाठी १,००० किलो साखरेइतके सहज कुजणारे अन्न मातीत हवे. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या वावरात ते कुठून येणार? पऱ्हाटीला दिसणारा फायदा, मुळे वाढणे, उगवण चांगली होणे, बराचसा जिवाणूने सोडलेल्या वाढ-संप्रेरकांचा असतो. लावायला हरकत नाही, किलोला २५ ग्रॅम. पण खताची मात्रा माती परीक्षणावरच ठरवा. शेणखत भरपूर देणाऱ्या काटोल-नरखेडच्या संत्रा बागांत स्थिती जरा बरी.

१७. धानाच्या बांधीत गाठी होत नाहीत, मग कोणता जिवाणू?

नील-हरित शेवाळ किंवा ॲझोला. शेवाळाची भुकटी रोवणीनंतर आठवड्याने हेक्टरी १० किलो, बांधीत ५ ते १० सेंमी पाणी साचलेले असताना फेका आणि पाणी पळू देऊ नका. ॲझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारे नेचे. नत्र बांधते ते त्याच्या पानाच्या पोकळीतले ॲनाबिना हे नील-हरित शेवाळ. १० टन ओला ॲझोला वाळला की साडेपाचशे किलोच्या आसपास भरतो आणि त्यातून सुमारे २५ किलो नत्र मिळते, पण तो चिखलात दाबला तरच. मौदा, रामटेक, कुहीकडे पावसाळ्यात तो चांगला वाढतो. उन्हाळ्यात टाकीतला ॲझोला मरतो ही तक्रार सर्रास येते: पाणी ३५ °से च्या वर गेले की त्याचे चालत नाही. हिरवी जाळी बांधा आणि स्फुरद द्या.

१८. शेंगा येणाऱ्या प्रत्येक झाडाला गाठी असतातच ना?

नाही. बहावा, चिंच, गुलमोहर आणि आपल्याकडे जागोजागी उगवणारा तरोटा या शेंगा येणाऱ्या झाडांना गाठी होत नाहीत. तरोटा गाडून पालापाचोळ्याचा फायदा होईल, हवेतल्या नत्राचा नाही. बाभूळ, सुबाभूळ, करंज आणि बांधावरचे गिरिपुष्प गाठीवाले. राजमा मधल्या वर्गातला: गाठी धरतो, पण काम कमजोर, म्हणून त्याला डाळवर्गी असूनही युरिया द्यावा लागतो. उलट सुरूचे झाड शेंगवर्गी नाही, तरी त्याच्या मुळांत फ्रँकिया नावाचा जिवाणू नत्र बांधतो.

१९. मॉलिब्डेनमशिवाय नायट्रोजनेज असतं का?

असते. ॲझोटोबॅक्टरच्या काही जातींकडे मॉलिब्डेनमऐवजी व्हॅनेडियमचे आणि तिसरे फक्त लोहाचे विकर असते. मॉलिब्डेनम संपले तरच ती चालू होतात, कारण त्यांत हायड्रोजन जास्त वाया जातो.

२०. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे विकर मोजता येईल का?

ॲसिटिलीन पद्धतीने येते, गॅस क्रोमॅटोग्राफ असेल तर. नायट्रोजनेज तिहेरी बंधाच्या ॲसिटिलीनचे एथिलीन करते. गाठींसह मूळ हवाबंद बाटलीत ठेवा, बाटलीतली १० टक्के हवा काढून तितकेच ॲसिटिलीन भरा, अर्ध्या तासाने सुईने नमुना घ्या. नेहमीच्या चुका तीन: गाठी तोडून ठेवल्या की काम पडते, वेल्डिंगच्या नळकांड्यातला वायू न धुता वापरला तर त्यातली ॲसिटोन आणि फॉस्फिन नडते, आणि तास-दोन तास थांबले तर ॲसिटिलीननेच गाठ मंदावते. एथिलीनचे नत्रात रूपांतर करताना ३ ने भागायचे की ४ ने, यावर वाद आहे; हायड्रोजनचा खर्च धरला तर ४. म्हणून या आकड्यावरून ‘हेक्टरी इतके किलो’ काढू नका, तुलनेपुरताच वापरा. वायू ज्वालाग्राही आहे, बर्नर बंद ठेवा.

२१. गव्हात किंवा पऱ्हाटीत हे जनुक थेट का टाकत नाहीत?

एक जनुक टाकून भागत नाही. दोन प्रथिने, त्यांचे पुंजके घडवणारी अर्धा डझनाहून अधिक मदतनीस प्रथिने, इलेक्ट्रॉनचा पुरवठा आणि प्राणवायूपासून आडोसा हे सगळे एका पेशीत योग्य प्रमाणात जमावे लागते. पेशीतल्या सूत्रकणिकेत (मायटोकॉन्ड्रिया, पेशीत एटीपी बनवणारा भाग) प्राणवायू कमी आणि एटीपी जास्त, म्हणून संशोधन तिकडे वळले आहे. निसर्गात एक उदाहरण सापडले आहे: समुद्रातल्या एका एकपेशीय शैवालात पूर्वीचा नत्र बांधणारा जिवाणू पेशीचा अवयवच बनून राहतो, आणि त्याला २०२४ मध्ये नायट्रोप्लास्ट नाव मिळाले. बियाण्याच्या बाजारात असे पीक आज नाही.

२२. विकराची पावडर विकत घेऊन थेट वावरात टाकली तर?

हवेत ती मिनिटांत निकामी होईल (प्र. ४), आणि मातीत तिला एटीपी कोण देणार? प्रयोगशाळेतही हे विकर प्राणवायू काढून टाकलेल्या बंद पेटीतच हाताळतात. एखाद्या बाटलीवर ‘नत्र बांधणारे एन्झाइम’ असे छापलेले असेल तर आत कोणता जिवाणू, मिलीमागे किती पेशी आणि मुदत कधीची हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर बाटली परत ठेवा.